कातळावरचा हत्ती कुणी कोरला? अनोळखी खोदचित्रांची ओळख पटवायची कशी

रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं गेली काही वर्षं सारखी बातम्यांत आहेत. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणपट्टीतली नऊ ठिकाणं गेली. रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ. पुढच्याच वर्षी बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं, गावकरी रस्त्यावर उतरले, आणि आंदोलनाच्या बातम्यांबरोबर तिथली चित्रंही घराघरात पोचली.

बातमी कुठलीही असो, वाचणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: हे कोरलं कुणी? उत्तरं मात्र प्रत्येकाची वेगळी. वर्तमानपत्र बारा हजार वर्षं म्हणतं. मोबाईलवर फिरणारा मजकूर सिंधू संस्कृतीचं नाव घेतो. गावात विचारलं तर पांडवांनी एका रात्रीत केलं म्हणतात. माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं, त्यामुळे दर मे महिन्यात हा प्रश्न मला पाहुण्यांकडून हमखास येतो. कोरीव दगडाची ओळख पटते कशी, आणि इथे ती पटवणं इतकं अवघड का जातं, ते जमेल तितकं सोपं करून लिहितो आहे.

आधी दगड समजून घेऊ

कोकणातला तांबडा, भोकाभोकांचा दगड म्हणजे जांभा. घरं बांधायला चिरे काढतात तो. फ्रान्सिस बुकानन या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने मलबारात हाच दगड पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. नाव चपखल आहे, कारण खाणीतून ताजा काढलेला चिरा नरम असतो, तासता येतो, आणि उन्हावाऱ्यात राहिला की कठीण होत जातो.

या जांभ्याची उघडी, सपाट पठारं म्हणजे सडे. सड्याचा वरचा पापुद्रा ऊनपावसाने काळपट आणि टणक झालेला असतो, तोच कातळ. त्यावर खोबणी पाडून काढलेल्या आकृत्या म्हणजे कातळशिल्पं. उभ्या भिंतीवरच्या कोरीवकामासारखी ती समोर दिसत नाहीत, आपण त्यांच्यावर उभे असतो. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगात इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. एवढा मोठा प्राणी पायाखाली असूनही पिढ्यानपिढ्या लोक त्यावरून गुरं नेत होते, कारण खोबणीत माती आणि वर गवत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई या रत्नागिरीच्या मंडळींनी सडे अक्षरशः पायाखाली घातले, गावोगावच्या म्हाताऱ्यांना आणि गुराख्यांना विचारलं, माती बाजूला केली, तेव्हा हा ठेवा एवढा मोठा आहे हे कळलं. आज नोंदलेल्या आकृत्या हजाराच्या पुढे आहेत.

दगडाचं वय काढा की प्रयोगशाळेत!

हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला मिळतं. त्यासाठी आजीचा पाटा आठवा.

पाटा झिजून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण वाटलं जात नाही. मग 'पाट्याला टाकीऽऽ' असं ओरडत येणाऱ्या बाईला थांबवायचं. ती छिन्नी-हातोडी घेऊन बसायची आणि टकटक करत पाट्यावर बारीक खड्डे पाडायची. आता सांगा, पाट्याचं वय काय? दगड डोंगराएवढा जुना. पाटा पणजीच्या लग्नातला. टाकी गेल्या मंगळवारची. प्रयोगशाळेने दगडाचं वय अगदी बिनचूक काढून दिलं, तरी टाकी कधी लावली ते त्यातून कळणार नाही.

कातळशिल्पांचं नेमकं हेच आहे. जांभा लाखो वर्षांपूर्वी तयार झाला. आपल्याला हवंय ते टाकीचं वय.

सगळ्यांच्या तोंडी असलेली कार्बन चाचणी इथे लागू पडत नाही. ती चालते कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूवर: लाकूड, कोळसा, हाड, धान्य. जीव गेला की शरीरातला एक विशिष्ट प्रकारचा कार्बन घटू लागतो, आणि दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. किती उरला त्यावरून किती काळ गेला ते काढतात. जांभ्यात हा हिशेब करायला काहीच नाही. रंगवलेलं गुहाचित्र असेल तर रंगात मिसळलेला कोळसा कधी कधी उपयोगी पडतो. इथे रंग नाही, नुसती खोबण आहे. काढून टाकलेल्या दगडाच्या जागी उरलेली पोकळी, आणि पोकळीची चाचणी कशी करणार?

दुसरी पद्धत आहे, तिचं इंग्रजी नाव लांबलचक असल्याने सगळे ओएसएल म्हणतात. मातीतल्या वाळूच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश कधी पाहिला, ते त्यातून कळतं. कण गाडला गेला की त्यात हळूहळू ऊर्जा साठते, आणि उन्हात आला की ती निघून जाते. म्हणजे खोबणीत माती भरून वर थर बसले असतील, तर ती माती कधी झाकली गेली ते सांगता येईल. पण कोकणातला पाऊस ध्यानात घ्या. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. उघड्या सड्यावर खोबणीतली माती धुऊन जाते, नवी येते, ऊन खाते, पुन्हा जाते. आणि समजा एखाद्या जागी जुनी माती टिकलीच, तरी ती एवढंच सांगणार की खोबण माझ्या आधीची आहे. शंभर वर्षं आधीची की पाच हजार, ते तिलाही ठाऊक नाही.

पाट्याच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट मिळते. टाकीच्या खड्ड्यांकडे जवळून पाहिलं तर हत्यार कळतं. पोलादी छिन्नीची खूण अरुंद आणि धारदार असते. गारगोटीसारखा दगड आपटून पाडलेला खड्डा बोथट, बशीसारखा पसरट. अभ्यासक खोबणीत अशा खुणा शोधतात. मात्र जांभा मुळात भोकाभोकांचा, त्यात हजारो पावसाळे. कडा विरघळल्यासारख्या गोल होतात आणि हत्याराची खूण बहुतेक ठिकाणी पुसली जाते. बेसॉल्टसारख्या काळ्या पाषाणात हे काम पुष्कळ सोपं झालं असतं.

वाचता येणारे दगड

सगळेच कोरीव दगड असे मुके नसतात. देशावर कुठल्याही जुन्या गावात मारुतीच्या देवळामागे, पारावर, नाहीतर ओढ्याकाठी टेकून ठेवलेला उभा दगड दिसेल. त्यावर तीन-चार आडवे कप्पे. खालच्या कप्प्यात लढाई किंवा पडलेला वीर, बऱ्याचदा शेजारी गाई. मधल्या कप्प्यात त्याला वर नेणाऱ्या अप्सरा. वरच्या कप्प्यात तो शिवलिंगाची पूजा करतो आहे, आणि शेंड्याला चंद्र-सूर्य. हा वीरगळ. गाई असतील तर गोधन वाचवताना मेलेल्याचा, आणि चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला हात असेल तर सतीशिळा. गाढव आणि बाई यांचं अश्लील वाटणारं शिल्प असेल तर गधेगळ, म्हणजे दानाची जमीन हडपणाऱ्याला दिलेली शिवी. अलिबागजवळच्या आक्षीला असा एक आहे, त्यावर शके ९३४ चा म्हणजे इ.स. १०१२ चा मराठी लेख आहे.

हे आपण वाचू शकतो, कारण किल्ली आपल्या हातात आहे. शेकडो वीरगळ सापडले, काहींवर लेख आहेत, राजांची नावं आहेत, आणि त्या समजुती आजही आपल्यात जिवंत आहेत. लेख नसलेला दगडही मग भावंडांवरून ओळखता येतो.

आणि तरीही गावात जाऊन विचारा. वीरगळाला शेंदूर फासलेला असतो आणि तो म्हसोबा झालेला असतो. लोक खोटं बोलत नसतात. मूळ माणूस विसरला गेला, दगड उरला, आणि उरलेल्या दगडाला गावाने नवं नाव दिलं. हजार वर्षांत एवढं होतं, तर कातळशिल्पांच्या बाबतीत काय काय झालं असेल! तिथे तर लेख नाही, आणि आजच्या कुठल्याही समाजाने 'ही आमची खूण' असं सांगितलेलं नाही. भावंडं भरपूर आहेत, पण सगळीच अबोल.

हे डुक्कर की पाणघोडा?

गेल्या मे महिन्यात आमच्या गावच्या बाजूच्या सड्यावर पाहुण्यांना घेऊन गेलो होतो. सकाळचे सात वाजले असतील. बरोबर शेजारचे बाबल्याकाका होते, गुरं राखायला आयुष्य सड्यावर गेलेलं. काकांनी बाटलीतलं पाणी खोबणीत हळूहळू सोडलं. कोरडा जांभा पाणी पितो तिथे गडद होतो. आधी वक्र पाठ उमटली, मग आखूड पाय, मग जाड तोंड. बोटभर रुंदीची, माझं नख बुडेल एवढीच खोल रेघ.

माझी पुतणी म्हणाली, डुक्कर. पाहुण्यांपैकी एकांनी आदल्या रात्री कुठेतरी वाचलं होतं, ते म्हणाले, पाणघोडा. काका म्हणाले, "छे, गवा तो. मानेचा उंचवटा बगा." तेवढ्यात पाणी सुकलं आणि प्राणीच नाहीसा झाला.

हा किस्सा मुद्दाम सांगितला, कारण पुढचा सगळा वाद या एका रेघेवर उभा आहे. कातळशिल्पांत काही आकृत्या गेंड्याच्या आणि पाणघोड्याच्या आहेत असं अभ्यासक सांगतात. हे दोन्ही प्राणी आज कोकणात नाहीत. मग तर्क असा बांधला जातो: ज्याने काढलं त्याने प्राणी पाहिला होता, म्हणजे चित्र त्या काळातलं, जेव्हा तो प्राणी इथे होता.

तर्क चांगला आहे, पण त्याचं एकेक पाऊल तपासून पाहा. गेंडा भारतातून काही दहा हजार वर्षांपूर्वी गेला नाही. गुजरातेत लांघणज इथे अश्मयुगीन वस्तीत गेंड्याचं खांद्याचं हाड सापडलं आहे. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवर गेंडा आहे. सोळाव्या शतकात बाबराने पेशावरच्या बाजूला गेंड्याची शिकार केल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. म्हणजे गेंड्याच्या चित्रावरून काळाचा पट्टा फारसा आवळत नाही. पाणघोड्याची गोष्ट जास्त वजनदार आहे. नर्मदा खोऱ्यात त्याचे जीवाश्म मिळाले आहेत आणि तो भारतातून फार पूर्वी नामशेष झाला. तेव्हा एखादी आकृती खरोखर पाणघोड्याची ठरली, तर चित्र फार जुनं आहे, किंवा कोरणाऱ्याने तो दुसऱ्या कुठल्या देशी पाहिला असला पाहिजे. पण 'ठरली तर'. आमच्या सड्यावर तिघांना तीन प्राणी दिसले होते.

म्हणून चांगला अभ्यासक आधी नाव देत नाही. पाय किती, शेपूट कुठे, डोळा आहे का, खोबण किती रुंद, कुठली रेघ कुठल्या रेघेला कापून गेली आहे, असं सगळं आधी नोंदवतो. एका रेघेने दुसरीला कापलं असेल तर कापणारी नंतरची, एवढं तरी खात्रीने म्हणता येतं. भिंतीवर चुन्याचे थर एकावर एक बसतात तसंच. नाव शेवटी, आणि तेही पेन्सिलीने. एकदा का फलकावर 'पाणघोडा' रंगवलं, की नंतर येणाऱ्या कुणालाही तिथे डुक्कर दिसत नाही.

दोन वाघांमधला माणूस

बारसूच्या सड्यावर एक उभा माणूस आहे, दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे झेपावणारे दोन वाघ. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरही जवळपास असंच दृश्य आहे. लगेच निष्कर्ष: कोकणी माणूस आणि सिंधू संस्कृती एकच.

थांबायला हवं. दोन श्वापदांना दोन हातांनी रोखणारा माणूस मेसोपोटेमियाच्या कलेत आहे, आणि प्राचीन इजिप्तमधल्या एका हस्तिदंती मुठीच्या सुरीवरही आहे. ज्या ज्या माणसाने हिंस्र प्राण्यांच्या सोबतीने आयुष्य काढलं, त्याला हे चित्र सुचू शकतं. जगातलं कुठलंही लहान मूल सूर्य काढताना गोल काढून भोवती किरणं ओढतं. ती मुलं एकमेकांची भावंडं लागत नाहीत.

साम्य म्हणजे नातं, असं म्हणायचं तर चित्राखेरीज आणखी काही जुळायला हवं. हडप्पाची मातीची भांडी, मणी, वजनं, विटा यांपैकी काही आजूबाजूला मिळालं, तर बोलणं वेगळं. नुसत्या आकारावरून सोयरीक जुळवू नये. समुद्रमार्गे संपर्क अशक्य होता असं मी म्हणत नाही. शक्य असणं आणि झालेलं असणं यात अंतर आहे, एवढंच.

भांडं कुठल्या फळीवर होतं?

आपल्याकडे स्टीलच्या भांड्यावर नाव घालतात. 'चि. सौ. कां. अमुक हिस, मामाकडून', खाली तारीख. पंगतीनंतर भांड्यांचा ढीग पडला की नावावरून घर सापडतं. नाव नसलेलं पातेलं निघालं तर? ते कुणाच्या ओसरीवर होतं, कुणाच्या भांड्यांत मिसळलं होतं, यावरून ठरवायचं. पण कुणी आधीच ते उचलून भलतीकडे ठेवलं असेल, तर मग 'आमच्यासारखंच दिसतंय' एवढ्यावर भांडण.

पुरातत्त्वात याला संदर्भ म्हणतात. वस्तू कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोल होती, ही तिची फळी. संदर्भ गेला की काय होतं, याचं महाराष्ट्रातलं उदाहरण दगडाचं नाही, धातूचं आहे, पण ते इथे फार कामाचं आहे.

प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचं मूळ खणताना चार थोराड वस्तू निघाल्या: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. मिळून साठ किलोच्या वर वजन. अप्रतिम काम आहे. पुढे तिथे रीतसर उत्खनन झालं आणि ताम्रपाषाणकालीन, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या लोकांच्या वस्तीचे थर उलगडले. उत्खनन करणारे एस. ए. साळी यांच्यासह अनेक विद्वानांनी या वस्तू हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातल्या मानल्या. पण प्राचीन धातूंचे अभ्यासक डी. पी. अगरवाल यांनी धातूच्या तपासणीवर बोट ठेवलं. त्यात आर्सेनिक १ टक्क्याहून जास्त होतं, ते त्या काळच्या इतर वस्तूंशी जुळत नव्हतं, तेव्हा या बऱ्याच नंतरच्या असू शकतात असं त्यांचं म्हणणं. वाद आजही पुरता मिटलेला नाही, कारण त्या वस्तू नेमक्या कुठल्या थरात होत्या ते कुणी पाहिलं नव्हतं. मूळ खणणाऱ्याचा यात काही दोष नाही, त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पण एक दिवस, दोन हात माती, आणि किती मोठं कोडं कायमचं मागे राहिलं.

कातळशिल्प जागेवरून हलत नाही, हे आपलं भाग्य. मात्र त्याची फळी म्हणजे काय? भोवतालचा सडा, शेजारची पाणथळ जागा, उतारावरची गुहा, पडलेल्या दगडी कपच्या. कोरणारी माणसं राहत कुठे होती, खात काय होती, हत्यारं कुठे घडवत होती, ते या परिसरात सापडणार. गुहागरजवळ पालशेतच्या सुसरोंडी गुहेत अश्मयुगीन हत्यारं मिळाली आहेत, सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेतही उत्खननात दगडी हत्यारं निघाली. तेव्हा अश्मयुगात इथे माणूस होता, याबद्दल शंका नाही. त्याच माणसाने हे कोरलं का, हा दुवा अजून जोडायचा आहे. आणि तो जोडणारी वस्तू नेमकी चित्राबाहेरच्या मातीत आहे. म्हणून 'चित्राभोवती कुंपण घातलं, आता बाकीच्या सड्यावर चिरेखाण चालू द्या' हा तोडगा मला मान्य होत नाही. नाव नसलेलं भांडं जपायचं आणि फळी जाळायची, असं ते होईल.

मग बारा हजार वर्षं हा आकडा आला कुठून?

तो अंदाज आहे, पण हवेतला नाही. राज्य पुरातत्त्व विभागाचे तेव्हाचे संचालक तेजस गर्गे यांनी मांडलेला मुद्दा असा: या चित्रांत शेतीची कामं दिसत नाहीत. प्राणी आणि जलचर मात्र बारकाईने काढलेले आहेत. तेव्हा कोरणारा शिकारीवर जगणारा असावा, म्हणजे शेती येण्याआधीचा. त्या काळाला मध्याश्मयुग म्हणतात, बारीक दगडी पाती वापरणाऱ्या शिकारी माणसाचा काळ. त्यात नाहीशा झालेल्या प्राण्यांचा मुद्दा आणि गुहांतली हत्यारं मिळवली की आकडा दहा-बारा हजारांकडे सरकतो.

मला यातलं शिकारीचं अनुमान पटण्याजोगं वाटतं, पण एक शंका राहतेच. देव्हाऱ्याकडे पाहून त्या घरात रोज काय शिजतं ते सांगता येतं का? माणूस जे करतो ते सगळं कोरत नाही, जे त्याला मोठं वाटतं ते कोरतो. भात पिकवणाऱ्यानेही सड्यावर वाघच कोरला असेल. शिवाय सगळी चित्रं एकाच हातची किंवा एकाच काळची असतील, असं मानायचंही कारण नाही. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ चौकोनात बसवलेली अवघड रेषाकृती आहे, तिचा आणि उक्षीच्या मोकळ्या, नैसर्गिक हत्तीचा तोंडवळा अगदीच वेगळा. गोव्यात कुशावती नदीच्या काठी उसगाळीमळला, १९९३ मध्ये गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागी, बैल आणि हरणांबरोबर गोल चक्रव्यूहासारखी आकृती आहे. या सगळ्यांना एकच जन्मतारीख चिकटवणं म्हणजे गावातल्या सगळ्या देवळांना एकच शतक देण्यासारखं. मध्याश्मयुगापासून आद्य ऐतिहासिक काळापर्यंतचा लांब पट्टा अभ्यासक सांगतात, तो मला म्हणूनच जास्त प्रामाणिक वाटतो.

पांडव, परग्रह आणि होकायंत्र

पांडवांचं नाव घेणाऱ्या गावकऱ्याला हसू नये. ज्याचा कर्ता आठवत नाही आणि जे माणसाच्या ताकदीबाहेरचं वाटतं, ते महाराष्ट्रात पांडवांच्या नावे जमा होतं. लेण्यांचंही तेच झालं. या नावातून काळ कळत नाही, पण एक गोष्ट कळते: गावाला हे आपल्या आठवणीआधीचं वाटतं. कुडोपीला या आकृत्यांना बावल्या म्हणतात, म्हणजे बाहुल्या. मला हे नाव फार आवडतं, कारण त्यात कुठलाच दावा नाही.

परग्रहवासीयांचा मुद्दा येतो तो आकारामुळे. आकाशातूनच पूर्ण दिसतं, मग जमिनीवरून कसं काढलं? खळं कसं आखतात ते ज्याने पाहिलं आहे, त्याला हा प्रश्न पडत नाही. मधोमध तिवडा, त्याला दोर, आणि दोराच्या टोकाने फिरत आखलेलं सुबक वर्तुळ. पेरूतल्या नाझ्काच्या प्रचंड रेखाकृतींबद्दल हीच शंका घेतली जायची. १९८२ मध्ये जो निकेल या अमेरिकी संशोधकाने सहा जणांच्या चमूसह, दोऱ्या आणि खुंट्या वापरून, तिथल्या ४४० फुटी गिधाडाची प्रतिकृती शेतात काढून दाखवली. दीड दिवसात.

देवाचे गोठणेला कोरलेल्या मनुष्याकृतीजवळ होकायंत्र दिशा चुकवतं, हे खरं आहे. जांभ्यात लोह भरपूर असतं, काही जागी त्याचा परिणाम सुईवर होऊ शकतो. कोरणाऱ्याने ती जागा त्यासाठीच निवडली, असं म्हणायला मात्र त्याच्याकडे आधी चुंबकसुई होती हे दाखवावं लागेल.

कळणारच नसेल तर जपायचं कशाला?

हा प्रश्न रागाने विचारला जातो, आणि विचारणारे बहुतेक वेळा सड्याचे मालक असतात. त्यांची अडचण खरी आहे. जमीन त्यांची, चिरेखाणीचं उत्पन्न त्यांचं, आंब्याची कलमं लावायची ती याच कातळात. त्यांना नुसतं 'वारसा, वारसा' सांगून भागणार नाही. पर्यटनातून गावाच्या हाती काही पडलं पाहिजे, जमीन अडकत असेल तर मोबदला मिळाला पाहिजे, आणि हे काम सरकारचं आहे.

पण 'आज कळत नाही' याचा अर्थ 'कधीच कळणार नाही' असा नाही. मातीच्या कणाने ऊन कधी पाहिलं हे मोजता येईल, असं शंभर वर्षांपूर्वी कुणाच्या मनातही आलं नसतं. एकदा उपटलेला सडा मात्र पुढच्या कुठल्याही यंत्राला काही सांगू शकणार नाही.

तुम्हाला असा दगड दिसला तर

सुट्टीत कोकणात जाल, किंवा गावाकडे एखादा अनोळखी कोरीव दगड दिसेल. त्यावर खडू, रंग, तेल, शेंदूर काही लावू नका. रेघ नीट दिसावी म्हणून काडीने किंवा चाकूने खोबण साफ करू नका, तीच माती उद्याचा पुरावा असू शकते. इतकं कळल्यावर आमचं पाणी सोडणंही मी बंद केलं आहे. कोरीव दगड सुटा असेल तर देवळात नेऊन ठेवण्याचा मोह होतो, तोही आवरा. आहे तिथेच फोटो काढा, मापासाठी शेजारी पट्टी किंवा चप्पल ठेवा, आणि एक फोटो लांबून, आजूबाजूचं झाड, ओढा, वाट दिसेल असा. मोबाईलवर जागेची नोंद करा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, याला तुम्ही काय म्हणता? ते नाव जसंच्या तसं लिहून घ्या.

आणि वेळ सांभाळा. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर ऊन आडवं पडतं, खोबणीच्या एका काठाची सावली दुसऱ्यावर येते आणि रेघ उठून दिसते. भर दुपारी बाराला तुम्ही कशेळीच्या हत्तीच्या पाठीवर उभे असलात, तरी तो तुम्हाला दिसणार नाही.